स्टुडिओ आणि लाइव्ह एकाच डबल अल्बमात: सांधा लपवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या चौघांच्या एका रॉक बँडकडे स्टुडिओत पूर्ण केलेली सहा नवी गाणी आहेत, आणि मोकळ्या मैदानावरच्या एका कार्यक्रमाचं सगळं मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असलेलं) रेकॉर्डिंगही आहे. दोन्ही मिळून डबल अल्बम काढायचा आहे, जमलं तर विनाइलच्या तबकड्यांवरसुद्धा. गाणी आलटून पालटून लावायची की वेगवेगळी ठेवायची? दोन्हींचा आवाज सारखा कसा करायचा? आणि जुन्या बँडनी हे कसं जमवलं?

मी बरीच वर्षं मिक्सिंग आणि मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) करतो आहे, म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं. आवाज सारखा करण्याच्या मागे लागू नका. लाइव्ह गाणं लाइव्हच ऐकू येऊ दे, स्टुडिओतलं स्टुडिओतलंच. दोन्हींमधली रेघ स्वच्छ ठेवा आणि ती कुठे ओढायची यावर डोकं खर्च करा. त्याहून महत्त्वाची गाण्यांची निवड. अल्बमातल्या प्रत्येक स्टुडिओ गाण्याबद्दल ‘हे रंगमंचावर शक्यच नव्हतं’ असं म्हणता आलं पाहिजे आणि प्रत्येक लाइव्ह गाण्याबद्दल ‘हे स्टुडिओत कधीच झालं नसतं’ असं. ज्या गाण्याबद्दल यातलं काहीच म्हणता येत नाही ते कितीही आवडतं असलं तरी बाहेर ठेवा.

हे मी मनाने सांगत नाही. क्रीम या ब्रिटिश बँडचा १९६८ चा ‘व्हील्स ऑफ फायर’ काढून ऐका. एक तबकडी स्टुडिओतली, दुसरी लाइव्ह. माणसं तीनच: गिटारवर एरिक क्लॅप्टन, बेसवर जॅक ब्रूस आणि ड्रमवर जिंजर बेकर. निर्माता फेलिक्स पापालार्डी. स्टुडिओच्या तबकडीचं काम १९६७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या आयबीसी स्टुडिओत सुरू झालं आणि पुढे न्यूयॉर्कला अटलांटिक स्टुडिओत टॉम डाउडसारख्या इंजिनिअरच्या हाताखालून गेलं. ‘व्हाइट रूम’च्या सुरुवातीचा पाच मात्रांचा तुकडा नीट ऐका. गिटारला लगटून जे लांब सूर चालतात तो व्हायोला आहे, आणि तो पापालार्डीने वाजवलाय. ‘ॲज यू सेड’मध्ये ब्रूस स्वतःच अकूस्टिक गिटार वाजवतो आणि स्वतःच चेलो, क्लॅप्टन त्या गाण्यात नाहीच. आणखी एका गाण्यात बेकर गाण्याऐवजी नुसता बोलतो आणि मागे ट्रम्पेट वाजतो. तीन माणसांना रंगमंचावर यातलं फारसं काही करता आलं नसतं. ब्रूसला एकाच वेळी दोन वाद्यं कशी वाजवता येणार?

आता दुसरी तबकडी लावा. त्यातली ‘स्पूनफुल’ आणि ‘टोड’ ही दोन्ही गाणी क्रीमच्या १९६६ च्या पहिल्या अल्बममध्ये स्टुडिओत रेकॉर्ड झालेली होती. तिथे ‘स्पूनफुल’ साडेसहा मिनिटांच्या आसपास आहे, ‘टोड’ पाचच्या आसपास. १९६८ च्या लाइव्ह तबकडीवर दोन्ही सोळा मिनिटांच्या वर गेली आहेत. नुसती लांबली असती तर त्यात विशेष काही नव्हतं. ‘स्पूनफुल’मध्ये बेस साथ करायचं सोडून गिटारशी वाद घालायला लागतो, बेकर त्या दोघांच्या मध्ये घुसतो, आणि पुढे काय होणार हे तिघांनाही माहीत नसतं. समोर ऐकणारी माणसं असल्याशिवाय कोणी सोळा मिनिटं असा धोका पत्करत नाही. त्याच तबकडीवरचं ‘क्रॉसरोड्स’ मात्र जेमतेम सव्वाचार मिनिटांचं आहे. त्यातल्या सोलोत ठेक्याची सम चुकलीय असं क्लॅप्टनने स्वतः नंतर सांगितलंय, आणि तरीही रॉक गिटार शिकणारी पोरं गेली पन्नासहून अधिक वर्षं तोच सोलो सुरासुराने बसवतायत. स्टुडिओत तो टेक कदाचित पुसला गेला असता.

म्हणजे दोन तबकड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. पहिली ऐकून ‘हे तिघं प्रत्यक्षात कसे वाजवत असतील’ असा प्रश्न पडतो आणि दुसरी त्याचं उत्तर देते. दोन्हींचा आवाज सारखा करायचा कसलाही प्रयत्न केलेला नाही, आणि करायला नकोच होता.

याच अल्बमकडून एक गोष्ट मात्र उचलू नका. लाइव्ह तबकडीवर ‘लाइव्ह ॲट द फिलमोर’ असं छापलं होतं. प्रत्यक्षात चारपैकी फक्त ‘टोड’ फिलमोर या सभागृहात रेकॉर्ड झालं. बाकीची तिन्ही सॅन फ्रान्सिस्कोमधल्याच विंटरलँड या दुसऱ्या सभागृहातली, मार्च १९६८ मधली. गाणं कुठे, कोणत्या तारखेला वाजवलं हे कव्हरवर खरं लिहा. लाइव्ह रेकॉर्डिंगची अर्धी किंमत त्या जागेत आणि त्या रात्रीत असते.

दुसरं उदाहरण पिंक फ्लॉइडचं, १९६९ च्या शेवटी आलेल्या ‘उम्मागुम्मा’चं. यावर जरा जास्त बोलतो, कारण तुमच्या बँडला यातून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. इथेही दोन तबकड्या, पण क्रम उलटा: पहिली लाइव्ह आणि दुसरी स्टुडिओतली. लाइव्ह रेकॉर्डिंग बर्मिंगहॅमच्या ‘मदर्स’ या क्लबमधलं आणि मँचेस्टरच्या कॉलेज ऑफ कॉमर्समधलं आहे, १९६९ च्या एप्रिलअखेरीचं आणि मेच्या सुरुवातीचं. गाणी चारच, आणि चारही आधी स्टुडिओत झालेली. ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ १९६७ च्या पहिल्या अल्बममध्ये, आधीचा गिटारवाला आणि गायक सिड बॅरेटच्या काळात, चार मिनिटांचं होतं, इथे साडेआठ मिनिटांचं झालंय. ‘सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन’ साडेपाचवरून नऊच्या पुढे गेलंय.

‘केअरफुल विथ दॅट ॲक्स, युजीन’ हेडफोन लावून ऐका. बेस जवळपास एकाच स्वरावर दोन सप्तकांत खालीवर करत राहतो. ऑर्गन इतका हलका की आवाज वाढवायचा मोह होतो. गिटारवाला गिलमोर शब्दांशिवाय, खोट्या आवाजात (फॉल्सेटोत) सूर धरतो. मग बेसवाला वॉटर्स माइकजवळ येऊन गाण्याचं नाव कुजबुजतो आणि त्यानंतर ती किंकाळी फुटते. कुजबुज आणि किंकाळी यांच्या आवाजात जे अंतर आहे तेच हे गाणं आहे. आजच्या सवयीप्रमाणे यावर लिमिटर (मोठा आवाज दाबणारं साधन) लावून कुजबुज वर आणली आणि किंकाळी खाली बसवली तर गाण्यात काहीच उरणार नाही. तुमच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये अशी जागा असेल तर मास्टरिंगवाल्याला ती आधीच दाखवून ठेवा आणि तिला हात लावू नको म्हणून सांगा.

‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’चा शेवटही असाच. स्टुडिओच्या आवृत्तीत तिथे वृंदगान आहे. लाइव्हमध्ये तो भाग गिलमोर एकटा गातो, शब्दांविना, आणि त्याचा आवाज वर चढत जातो. साधनं कमी पडली म्हणून गाणं लहान झालं नाही, उलट ते जास्त माणसाचं झालं. मला स्वतःला ही आवृत्ती मूळ आवृत्तीपेक्षा मोठी वाटते.

आता स्टुडिओची तबकडी. ठरलं असं की चौघांनी प्रत्येकी अर्धी बाजू घ्यायची आणि आपापलं संगीत एकट्याने करायचं. निर्माता नॉर्मन स्मिथ. ऑर्गनवाल्या राइटने चार भागांची ‘सिसिफस’ केली, वॉटर्सने दोन तुकडे, गिलमोरने तीन भागांची ‘द नॅरो वे’, ड्रमवाल्या मेसनने तालवाद्यांचा लांब तुकडा केला आणि त्यात त्याच्या बायकोची बासरी आहे. गिलमोरला शब्द सुचत नव्हते म्हणून त्याने वॉटर्सकडे मदत मागितली आणि वॉटर्सने नकार दिला, हे पुढे सगळ्यांना माहीत झालं. बँडमधल्यांनीच नंतरच्या काळात या तबकडीबद्दल फारसं चांगलं बोललेलं नाही. माझंही मत त्यांच्यासारखंच आहे. लाइव्ह तबकडीवर हेच चौघं एकमेकांचं ऐकत वाजवतात. स्टुडिओत प्रत्येक जण दार लावून बसला आणि जे जमून आलं होतं ते विस्कटलं.

तरीही त्या तबकडीवरचं वॉटर्सचं ‘ग्रँटचेस्टर मेडोज’ ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. अकूस्टिक गिटार, केंब्रिजजवळचं नदीकाठचं कुरण, आणि गाणंभर मागे चंडोल पक्ष्याचा एकच तुकडा टेपवर फिरत राहतो. मध्ये पाण्यावरून पक्षी उठल्याचा आवाज येतो. शेवटी एक माशी घोंगावते, कोणाची तरी पावलं एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे येतात, आणि फटका बसतो. हे फक्त स्टुडिओत, टेप कापून आणि जोडूनच होऊ शकतं. सगळी स्टुडिओ तबकडी या कसाने जुळली असती तर अल्बमचं मोल वेगळंच झालं असतं.

म्हणून तुमच्या सहा गाण्यांना हा प्रश्न विचारा: यात चौघं एकत्र ऐकू येतात का? प्रत्येकाने घरी आपला ट्रॅक वाजवून फाइल पाठवली असेल आणि शेजारी तीच माणसं रंगमंचावर पेटलेली ऐकू आली, तर स्टुडिओची बाजू फिकी पडणार. ड्रम आणि बेस तरी एका खोलीत, एकमेकांकडे बघत, एकाच टेकमध्ये घ्या. बाकीचे थर मग हवे तितके चढवा.

आलटून पालटून लावायचं की वेगळं ठेवायचं, याचं सगळ्यात मजेशीर उत्तर ऑलमन ब्रदर्स बँडच्या १९७२ च्या ‘ईट अ पीच’मध्ये मिळतं. त्या अल्बममागची परिस्थिती दुःखाची होती. बँडचा गिटारवाला ड्वेन ऑलमन २९ ऑक्टोबर १९७१ ला मेकन गावात मोटरसायकलच्या अपघातात गेला, वय अवघं चोवीस. त्याच्यासोबत स्टुडिओत झालेली काही गाणी हातात होती, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातलं लाइव्ह रेकॉर्डिंग शिल्लक होतं, आणि तो गेल्यानंतर उरलेल्यांनी तीन गाणी नव्याने केली. पहिल्या बाजूवर ती तीन, त्याच्याशिवायची. दुसऱ्या आणि चौथ्या बाजूवर मिळून ‘माउंटन जॅम’ हा एकच लाइव्ह तुकडा, तेहतीस मिनिटांहून लांब, मधोमध तोडून दोन बाजूंवर वाटलेला. तिसऱ्या बाजूवर आधी लाइव्ह गाणी आणि त्याला लागूनच स्टुडिओतली.

त्या तिसऱ्या बाजूवर लाइव्हमधून स्टुडिओत जायची जागा मी कितीदा तरी ऐकली आहे. ती खटकत नाही. कारण दोन्हीकडे तेच सहा वादक एकाच पद्धतीने वाजवतायत, दोन ड्रमवाले आणि दोन गिटार, आणि टॉम डाउडने दोन्हीकडची वाद्यं डाव्याउजव्या बाजूला ओळखीच्या जागी ठेवली आहेत. हॉल बदलला तरी माणसं जागची हलत नाहीत. आवाज जुळवायचाच असेल तर एवढाच जुळवा: लाइव्ह मिक्समध्ये गिटार डावीकडे असेल तर स्टुडिओतही डावीकडे ठेवा. कान ही गोष्ट पटकन धरतो आणि रिव्हर्बमधला (घुमाऱ्यातला) फरक सहज माफ करतो.

आणखी एक जागा. १९७१ चा त्यांचा नुसता लाइव्ह डबल अल्बम ‘विपिंग पोस्ट’ या गाण्यावर संपतो. टाळ्यांमध्ये ते विरत असताना मागे पुढच्या तुकड्याचे पहिले सूर कानावर येतात आणि आवाज मिटतो. तो पुढचा तुकडा म्हणजे ‘माउंटन जॅम’. एका अल्बमच्या शेवटी अर्धवट राहिलेला क्षण पुढच्या अल्बममध्ये पुरा होतो. तोपर्यंत गिटारवाला या जगात राहिलेला नव्हता. लाइव्ह रेकॉर्डिंग किती जपून ठेवायचं असतं हे मला यातून कळलं. कार्यक्रमाच्या मूळ फाइल कधीही पुसू नका, गाण्यांच्या मधल्यासुद्धा.

बाकीची उदाहरणं भरभर सांगतो. किसच्या १९७७ च्या ‘अलाइव्ह टू’मध्ये तीन बाजू लाइव्ह आणि चौथी स्टुडिओची आहे, कारण आधीच्या लाइव्ह अल्बममधली गाणी त्यांना पुन्हा घ्यायची नव्हती आणि तीन बाजूंनंतर माल संपला. अशी भरतीची बाजू ऐकताना लगेच कळते. जेनेसिसच्या १९८२ च्या अल्बमचं नावच ‘थ्री साइड्स लाइव्ह’. अमेरिकेत चौथ्या बाजूवर स्टुडिओची गाणी होती आणि ब्रिटनमध्ये तिथेही लाइव्हच दिलं. यूटूचा १९८८ चा ‘रॅटल अँड हम’ तुम्ही विचारलंत तसा, आलटून पालटून लावलेला. आधी लाइव्ह, मग स्टुडिओची काही गाणी, मग पुन्हा लाइव्ह. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गॉस्पेल वृंदासोबत गायलेलं त्यातलं गाणं अप्रतिम आहे, मेम्फिसच्या सन स्टुडिओत रेकॉर्ड केलेली गाणीही सुरेख आहेत. पण सलग ऐकताना दर दहा मिनिटांनी जागा बदलते आणि कान थकतो. ज्या बँडकडे त्या अल्बमसोबत आख्खा चित्रपट होता त्यांना ते कदाचित परवडलं. तुम्ही वेगळंच ठेवा.

आता तुमच्या फाइलींकडे येऊ.

सगळ्यात आधी सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत ते, बघा. कार्यक्रमाचं डिजिटल मिक्सर बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करतं आणि स्टुडिओतली गाणी अनेकदा ४४.१ वर असतात. ४४.१ ची फाइल चुकून ४८ समजून वाजवली तर गाणं जवळजवळ दीड अर्धस्वर (सेमीटोन) वर आणि नऊ टक्के जलद होतं. हे कोणाच्याही लक्षात येईल. पण घाईत केलेलं कच्चं रूपांतर लक्षात येत नाही आणि ड्रमच्या झांजांवर (सिंबलवर) हलकीशी कुसळ बसते. सगळं एकाच रेटवर, चांगल्या कन्व्हर्टरने, एकदाच आणा.

मग प्रेक्षकांचे माइक. लाइव्ह मिक्सचा जीव त्यांच्यात असतो आणि चिखलही तेच करतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे साधारण ३ मिलिसेकंद. माइक रंगमंचापासून २५ मीटरवर असेल तर त्यात स्नेअर ड्रमचा ठोका ७३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२० च्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. त्याच्या निम्म्याहून जास्त उशीर झाला की प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो आणि ड्रमवाला ढिला वाजवतोय असं वाटायला लागतं, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. म्हणून तो ट्रॅक पुढे ओढायचा. नुसत्या हिशोबावर विसंबू नका, गरम हवेत आवाज जरा जास्त वेगाने जातो; वेव्हफॉर्म मोठा करून स्नेअरचा ठोका शोधा आणि त्यावर जुळवा. अगदी शून्यावर आणू नका. दहा ते वीस मिलिसेकंद मागे राहू द्या, म्हणजे मैदानाचा अदमास टिकतो. त्याच माइकवर दीडशे ते दोनशे हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, कारण तिथे सबवूफरचा घुमारा सोडून काही नसतं. आणि गाणं चालू असताना त्या माइकचा फेडर (आवाजाची पट्टी) खाली ठेवा, टाळ्यांच्या आधी दोन-तीन सेकंदांपासून हळूहळू वर न्या. गाण्याच्या पोटात सतत गर्दीचा गलबला ठेवला की तो दुसऱ्या मिनिटाला नकोसा होतो.

मैदान उघडं असल्याने हॉलचा घुमारा तुम्हाला मिळणार नाही. मग मिक्समध्ये मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब लावून खोटा हॉल उभा करायचा मोह होतो. करू नका. कोरडा, उघड्या हवेतला आवाज तसाच राहू दे. त्यात रातकिडे असतील तर तेही राहू देत.

गाणाऱ्याच्या माइकमध्ये झांजा घुसलेल्या असणार, त्याला इलाज नाही. चूक तिथे होते जिथे दोन ओळींमध्ये तो माइक पूर्ण बंद केला जातो. बंद झाला की झांजा एकदम मागे जातात, उघडला की पुन्हा अंगावर येतात, आणि पूर्ण ड्रमसेट श्वास घेतल्यासारखा हलतो. गेट (माइक आपोआप बंद करणारं साधन) लावण्याऐवजी हाताने सहा ते आठ डेसिबल खाली घ्या, तेवढं पुरतं. गाणारा झांजांच्या अगदी समोर उभा असेल तर ओव्हरहेडचा (ड्रमच्या वर लावलेल्या माइकचा) आवाज मुळातच कमी ठेवा. त्याचं काम गाणाऱ्याचा माइक करतोच आहे.

दुरुस्ती किती करायची? माझा नियम असा: त्याच रात्रीचं, त्याच गाण्याचं काहीही वापरा. दुसऱ्या कडव्यातला बेसूर शब्द चौथ्यातून उचला, साउंडचेकमधला कोरस घ्या. त्यात त्याच झांजा घुसलेल्या असतात, म्हणून तुकडा बेमालूम बसतो. स्टुडिओत जाऊन पुन्हा गायलंत तर त्या ओळीपुरत्या झांजा मागे सरकतात आणि जाणत्या कानाला ते कळतं. मोठमोठ्या लाइव्ह अल्बममध्ये असं पुन्हा गायलेलं, वाजवलेलं पुष्कळ आहे, हे मलाही ठाऊक आहे. तरी ज्या अल्बमात शेजारीच स्टुडिओची बाजू आहे, तिथे लाइव्हच्या बाजूवर स्टुडिओतला गळा आणणं मला पटत नाही.

पातळी जुळवताना मीटरकडे कमी बघा. लाइव्ह ट्रॅकमध्ये टाळ्या, बोलणं, मधल्या शांत जागा असतात, त्यामुळे त्याची सरासरी लाउडनेस आपोआप कमी दिसते. ती स्टुडिओच्या गाण्याएवढी करायला गेलात की गाणं गरजेपेक्षा मोठं होतं. दोन्ही गाण्यांतला गळा आणि स्नेअर ऐका, तेवढे सारखे करा आणि सोडून द्या. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण वजा १४ एलयूएफएसवर (हे लाउडनेस मोजायचं एकक) आणतं, आणि अल्बम सलग वाजत असेल तर गाण्यांमधलं तुम्ही ठरवलेलं अंतर कायम ठेवतं. म्हणून प्रत्येक गाणं वेगळं फुगवण्यात काहीच फायदा नाही.

विनाइल करणार असाल तर बाजूची लांबी आत्ताच ठरवा, मिक्स झाल्यावर नको. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगाला एका बाजूवर १८ ते २२ मिनिटं नीट बसतात. त्यापुढे गेलात तर खाचा दाटीने कापाव्या लागतात, आवाज खाली आणावा लागतो आणि आधी बेस जातो. ‘व्हील्स ऑफ फायर’च्या लाइव्ह बाजू साधारण २१ आणि २३ मिनिटांच्या आहेत, ती वरची मर्यादा समजा.

आणि एक गोष्ट जी बँडच्या लक्षात सहसा येत नाही. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच वाचते. आतल्या टोकाला तोच वेग २१ सेंटिमीटरवर येतो, निम्म्याहून कमी, कारण तबकडी तेवढ्याच फेऱ्या घेते आणि फेरा लहान झालेला असतो. परिणामी बाजू संपताना वरचे सूर फाटायला लागतात. कार्यक्रमाचा क्रम मात्र नेमका उलटा असतो: सगळ्यात मोठं, सगळ्यात झांजांचं गाणं शेवटी. कार्यक्रमाच्या क्रमाने बाजू लावलीत तर तुमचा सर्वोत्तम क्षण तबकडीच्या सगळ्यात कमजोर जागेवर पडणार. तो कळस बाजूच्या सुरुवातीला आणा आणि बाजू एखाद्या संथ गाण्याने संपवा. कार्यक्रमाचा क्रम मोडला म्हणून कोणी तक्रार करत नाही. आपल्याकडे उघड्यावरचा कार्यक्रम सहसा रात्री दहाला थांबवावाच लागतो, त्यामुळे तुमचं शेवटचं गाणं घाईत उरकलेलं असण्याचीही शक्यता आहे. ते तपासा. घाई ऐकू येत असेल तर मधलं एखादं गाणं कळसाला घ्या.

माझा आराखडा असा असता: स्टुडिओच्या सहांपैकी चारच गाणी पहिल्या बाजूवर, उरलेली दोन दुसरीवर, त्यातलं एक तुमचा सगळ्यात शांत प्रयोग. तिसरी आणि चौथी बाजू पूर्ण लाइव्ह, त्यात जास्तीत जास्त पाच गाणी, आणि त्यातलं एक तरी असं की जे स्टुडिओत चार मिनिटांचं होतं आणि मैदानावर बारा मिनिटांचं झालं. असं गाणं तुमच्याकडे नसेल तर डबल अल्बमचा नाद सोडा आणि स्टुडिओचा एकच अल्बम काढा. लाइव्ह रेकॉर्डिंग पुढच्या कार्यक्रमापर्यंत थांबू शकतं.

स्ट्रीमिंगवर बाजू नसतात, तिथे रेघ शांततेने ओढावी लागते. स्टुडिओचं शेवटचं गाणं संपल्यावर पाच-सहा सेकंद पूर्ण शांतता ठेवा, मग मैदानाचा आवाज हळूहळू उघडू द्या, आणि त्यानंतर पहिला ठोका. लाइव्ह गाण्यांमधला ट्रॅक कुठे तोडायचा हेही आधी ठरवा. टाळ्या, गाणाऱ्याचं बोलणं, गिटार लावण्याचे आवाज हे सगळं मागच्या ट्रॅकच्या शेवटी जाऊ द्या आणि नवीन ट्रॅक ड्रमवाल्याच्या काड्यांच्या चार ठोक्यांच्या जरासा आधी सुरू करा. सलग ऐकणाऱ्याला काहीच तुटल्यासारखं वाटत नाही, आणि एखादंच गाणं काढून ऐकणाऱ्याला दीड मिनिटाची ओळख ऐकावी लागत नाही. फाइल देताना त्या तोडीच्या जागी फेड देऊ नका, नाहीतर सलग ऐकताना दर गाण्याला गर्दी क्षणभर गायब होईल.